मुलींच्या सामन्यांचे धावफलक रोज छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर महिलांच्या देशांतर्गत सामन्यांचे धावफलक नियमित छापावेत, या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. २०२५ मध्ये भारताच्या महिला संघानं क्रिकेटचा विश्वचषक जिंकल्यावर तुम्ही मुलींना पहिलं पान दिलंत, मोठमोठे फोटो छापलेत, त्याबद्दल आमच्या घरातल्या चार पिढ्यांच्या वतीनं आभार. तो अंक आम्ही जपून ठेवलाय. मला बोलायचंय ते त्या अंकाच्या आधीच्या आणि नंतरच्या अंकांबद्दल.

आमच्या घरात पेपर वाचायचा क्रम ठरलेला आहे. पहाटे सगळ्यात आधी उठतात त्या सासूबाई, म्हणून पेपर पहिल्यांदा त्यांच्या हातात. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्या निधनवार्तांपासून सुरुवात करतात, मग पंचांग, मग अग्रलेख. त्यानंतर चहाबरोबर क्रीडा पान यजमानांकडं. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. सून बँकेत आहे. ती डबे भरता भरता ओट्यावर पसरलेल्या पानावरची ठळक अक्षरं तेवढी वाचते. मुलगा पेपर मोबाईलवर बघतो. माझी पाळी दुपारी, शिवणाचा क्लास सुटल्यावर. आणि संध्याकाळी शाळेतून आलेली नात माझी कात्री मागते. ती सहावीत आहे. कापडाच्या कात्रीनं कागद कापला की धार जाते, म्हणून तिला मी वेगळी कात्री आणून दिली.

ती काय कापते, हे मुद्दाम सांगते. फोटो नाही, धावफलक कापते. आजोबांनी दिलेल्या एका जुन्या रजिस्टरात डाव्या पानावर एक डाव, उजव्या पानावर दुसरा, असे चिकटवलेले आहेत. 'झे. अमनज्योत गो. दीप्ती १०१' (झेल अमनज्योतचा, गोलंदाज दीप्ती) ही विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातली एक ओळ तिनं सासूबाईंना वाचून दाखवली आणि त्या ओळीवरून सगळा प्रसंग पुन्हा सांगितला: दक्षिण आफ्रिकेची कर्णधार वोल्वार्ट शतक करून उभी होती, ती होती तोवर सामना आपला नव्हता, चेंडू वर उडाला, अमनज्योतच्या हातातून निसटला, पुन्हा निसटला आणि अखेर पकडला गेला. पेपरातल्या एका ओळीत एवढं मावतं. ज्याला धावफलक वाचता येतो त्याला सामना पुन्हा दिसतो. माझ्या यजमानांनी हे रेडिओवर बाळ ज. पंडितांचं समालोचन ऐकून आणि दुसऱ्या दिवशी पेपर ताडून शिकून घेतलं, आणि नातीला त्यांनीच शिकवलं. बाद क्रम कसा वाचायचा, अवांतर धावा कुठं बघायच्या, षटकं-निर्धाव-धावा-बळी या चार आकड्यांतून गोलंदाज कळतो कसा. अंतिम सामन्याच्या बाद क्रमात '१-१०४' असं आहे, म्हणजे पहिला गडी १०४ धावांवर बाद. स्मृती आणि शफाली यांनी पायाच असा घातला होता की पुढं २९८ धावा झाल्या, हे तिनं मला त्या एका आकड्यावरून समजावून सांगितलं.

आता तक्रार सांगते.

१७ ऑक्टोबर २०२५ ला वसुबारस होती. घरात चकल्यांचा घाणा चालू होता, मी सोऱ्या फिरवत होते आणि सून तळत होती. त्या दिवशी नागपुरात वरिष्ठ महिलांच्या टी-ट्वेंटी स्पर्धेत महाराष्ट्राचा सामना पंजाबशी होता. जिंकायला १११ धावा हव्या होत्या. आपल्या किरण नवगिरेनं ३४ चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या टी-ट्वेंटी क्रिकेटमध्ये जगात कुणी इतक्या कमी चेंडूंत शतक केलेलं नव्हतं. आधीचा विक्रम न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा, ३६ चेंडूंचा. किरण ३५ चेंडूंत १०६ धावांवर नाबाद राहिली आणि महाराष्ट्रानं आठ षटकांत सामना संपवला. ही मुलगी सोलापूर जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरची. आधी भालाफेक, मग क्रिकेट. संधीसाठी नागालँडकडून खेळली आणि तिथं २०२२ मध्ये अरुणाचल प्रदेशविरुद्ध १६२ धावा केल्या. टी-ट्वेंटीत दीडशेच्या वर धावा करणारी ती पहिली भारतीय ठरली.

सुनेनं मोबाईलवर बातमी बघितली आणि कढईसमोरूनच ओरडून सांगितली. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. आमच्याकडं येणाऱ्या पेपरात सोन्याच्या जाहिरातींची पानंच्या पानं होती, ते सणाच्या दिवशी समजण्यासारखं आहे. पण क्रीडा पानावर नवगिरेची बातमी एका कोपऱ्यात, चौकटीत, दोन-तीन वाक्यांची. धावफलक नाही. तिच्याबरोबर दुसऱ्या बाजूला कोण होतं, पंजाबच्या ११० धावांत कुणाचे किती बळी, ते काहीच नाही. नातीनं पान उलटसुलट करून बघितलं, मग दुसऱ्या दिवशीचा अंक बघितला. रजिस्टरातलं ते पान तिनं कोरं ठेवलंय, वर पेन्सिलीनं तारीख टाकून.

विश्वविक्रम महाराष्ट्रात झाला, महाराष्ट्राच्या संघाकडून झाला, सोलापूरच्या मुलीनं केला आणि मराठी पेपरात त्याचा धावफलक नाही. याचं मला फार वाईट वाटलं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही.

त्याच स्पर्धेची आणखी एक गोष्ट. त्याच स्पर्धेत हरियाणाकडून शफाली वर्मा खेळत होती. विश्वचषकाच्या भारतीय संघात तिला जागा नव्हती. प्रतिका रावलला दुखापत झाली आणि उपांत्य सामन्याच्या तोंडावर शफालीला बोलावणं आलं. पुढं अंतिम सामन्यात तिनं ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले, सामन्याची मानकरी तीच. सगळ्यांनी लिहिलं की ही मुलगी अचानक आली, देवानं पाठवली. खरं म्हणजे ती देशांतर्गत स्पर्धेच्या मैदानावरून आली होती, जिथं ती रोज खेळत होती आणि जिथल्या धावा आपण कुणी छापत नव्हतो. जी स्पर्धा पानावर नसते, तिथून आलेला खेळाडू वाचकाला चमत्कारच वाटणार.

अंतिम सामन्याच्या रात्रीबद्दल थोडं लिहिते, कारण घरात काय होतं ते तुम्हा मंडळींना कार्यालयात बसून दिसत नसेल. २ नोव्हेंबर, रविवार, कार्तिकी एकादशी. सासूबाईंचा उपवास. सकाळी टीव्हीवर पंढरपूरची महापूजा झाली, दुपारी वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी झाली आणि तीन वाजता सगळे टीव्हीसमोर बसलो तर नवी मुंबईत पाऊस. दोन तास नुसतं झाकलेलं मैदान बघत बसलो. यजमान भडंगाचा पुडा घेऊन बसले होते. रविवारी संध्याकाळी सासूबाईंच्या मालिकेचा महाएपिसोड असतो आणि एरवी त्या वेळी रिमोटला कुणी हात लावत नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं, "मालिका काय, उद्या परत दाखवतात. ह्या पोरी उद्या परत खेळणार आहेत का?"

सामना संपला तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. दीप्तीचा चेंडू, हरमनप्रीत उलटी धावत गेली आणि झेल घेतला. २४६ वर सगळ्या बाद, आपण ५२ धावांनी जिंकलो. दीप्तीचे ३९ धावांत ५ बळी. खाली रस्त्यावर फटाके लागले. दिवाळीत राहिलेले असतील. सून रडत होती. ती लहानपणी इस्लामपूरला गल्लीत मुलांबरोबर खेळायची. वयात आल्यावर घरच्यांनी बंद केलं. हे तिनं आमच्या घरात त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. तिच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती डावखुरी गोलंदाजी करायची हे मला माहीत नव्हतं.

तीन दिवस आधीच्या उपांत्य सामन्यात असंच झालं होतं. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. महिलांच्या एकदिवसीय सामन्यात इतक्या धावांचा पाठलाग कुणी केलेला नव्हता. जेमिमा रॉड्रिग्जनं १२७ धावा केल्या, नाबाद राहिली, आणि सामन्यानंतर सगळ्या देशासमोर रडत रडत सांगितलं की या स्पर्धेत मी जवळजवळ रोज रडले आहे, मनाची फार ओढाताण होती. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला बाहेर बसवलं होतं. सासूबाईंनी मालिकांमध्ये रडणाऱ्या बायका आयुष्यभर बघितल्यात. पण ते रडणं बघून त्या म्हणाल्या, "ही काम करून रडतेय." माझ्या क्लासला येणाऱ्या मुलींमध्ये त्या आठवड्यात जेमिमाच्या गिटारचे रील फिरत होते, खेळाडू म्हणून आणि गाणारी म्हणून ती त्यांना एकदमच आवडली. प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांच्याबद्दल यजमान दोन दिवस बोलत होते. १९८८ साली शालेय सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा हा मुलगा पॅड बांधून बसून राहिला होता. पुढं रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांच्या वर धावा काढल्या आणि भारताची टोपी मिळाली नाही ती नाहीच. सगळीकडं त्यांची तुलना 'चक दे इंडिया' सिनेमातल्या प्रशिक्षकाशी झाली. यजमानांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, "सिनेमाची गोष्ट कशाला? मुझुमदारच्या रणजीतल्या धावा आम्ही पेपरात वाचत आलोय. एकेक शतक आम्हाला माहीत आहे." त्यांच्या या वाक्यावरच मला हे पत्र सुचलं. भारताकडून एकही सामना न खेळलेला माणूस सांगलीतल्या एका एसटी कामगाराला माहीत होता, तो कशामुळं? रणजीचे धावफलक पेपरात रोज येत होते, त्यामुळं.

आता आमच्या गावच्या मुलीबद्दल. स्मृती मानधना सांगलीत वाढली. २०१३ मध्ये बडोद्याला १९ वर्षांखालील सामन्यात तिनं गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा केल्या, एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी पहिली भारतीय महिला झाली, तेव्हा गावाला ती कळली. पण ती या खेळाकडं वळली कशी, हे तिनंच मुलाखतींमधून सांगितलंय. तिचा भाऊ खेळायचा. त्यानं धावा केल्या की पेपरात नाव यायचं, घरात ती कात्रणं कापून ठेवली जायची. ती कात्रणं बघून या लहान मुलीला वाटलं की आपणही अशाच धावा कराव्यात आणि आपलंही नाव असं छापून यावं.

संपादक महाशय, हे वाक्य मी तुमच्यासमोर मुद्दाम ठेवते आहे. जगातली एक अव्वल फलंदाज तयार व्हायची सुरुवात जिल्ह्यातल्या एका मुलाच्या धावा पेपरात छापून येण्यातून झाली. त्या पेपरातल्या ज्या उपसंपादकानं तो बारीक टायपातला मजकूर जागेत बसवला असेल, त्याला हे कधी कळलंही नसेल. भावाचं नाव आलं म्हणून बहिणीला वाटलं. आता बहिणींचीच नावं आली तर किती जणींना वाटेल?

महाराष्ट्राला तर हे करायचा हक्कच आहे. महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय आंतरराज्य स्पर्धा १९७३ मध्ये पुण्यात झाली. संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. भारतीय महिला क्रिकेट संघटनेच्या अध्यक्ष कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाण होत्या. आमच्या सासूबाईंना प्रेमलाकाकी सभांमधून आठवतात, पण त्यांनी क्रिकेटसाठी काही केलं हे त्यांना या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हतं. १९७६ मध्ये आपल्या महिला संघानं वेस्ट इंडीजविरुद्ध पाटण्याला पहिला कसोटी विजय मिळवला. २००५ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचलेल्या मुलींना सामन्यामागं हजार रुपये मिळाले होते, असं तेव्हाची कर्णधार मिताली राजनं सांगितलंय. भारतीय क्रिकेट नियामक मंडळानं (बीसीसीआय) महिला क्रिकेट हाती घेतलं ते २००६ मध्ये. सामन्याचं मानधन पुरुषांएवढं झालं २०२२ मध्ये, तेही आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरतं. देशांतर्गत खेळणाऱ्या वरिष्ठ मुलींचं दिवसाचं मानधन डिसेंबर २०२५ मध्ये २० हजारांवरून ५० हजार केलंय. म्हणजे मंडळानंही जाणलं की विश्वचषक जिंकून काम संपत नाही, खालचा पाया भरावा लागतो. मंडळानं पैसे वाढवले. पेपरनं जागा वाढवावी.

त्याउलट नोव्हेंबरच्या अखेरीस काय बघितलं ते सांगते. आमच्या गावात कॅमेरे आले. खेळासाठी आले असते तर आनंदच होता. ते आले होते एका खेळाडू मुलीच्या घरातल्या कार्यासाठी आणि मग त्या घरातल्या आजारपणासाठी. आठवडाभर टीव्हीवर, मोबाईलवर, पेपरात तेच. कुणाच्या घरी काय चाललंय ते शेजारच्यांनीसुद्धा विचारू नये अशा वेळी दाराशी माइक. विश्रामबागेतल्या भाजीवालीलाही लोक विचारत होते, तुम्हाला काय माहीत आहे? मला त्या बातम्या वाचवल्या नाहीत. आमच्या गावानं त्या मुलीला मैदानावरून ओळखावं, घराच्या दारावरून ओळखू नये.

आणि नेमक्या त्याच दिवसांत, २३ नोव्हेंबरला कोलंबोत आपल्या दृष्टिहीन मुलींच्या संघानं नेपाळला सात गडी राखून हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. दृष्टिहीन महिलांचा हा जगातला पहिलाच विश्वचषक. दुसऱ्या दिवशी ढाक्यात आपल्या मुलींनी चिनी तैपेईला ३५-२८ असं हरवून कबड्डीचा विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीत झाला, तोही मुलींनी जिंकला, कर्णधार प्रियंका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून. एका वर्षात मुलींनी एवढं दिलं. ज्या आठवड्यात दोन विश्वचषक घरी आले, त्या आठवड्यात माझ्या क्लासच्या मुलींना एका खेळाडूच्या घरातली प्रत्येक गोष्ट तोंडपाठ होती आणि दृष्टिहीन संघाची कर्णधार कोण हे एकीलाही सांगता आलं नाही. दोष मी मुलींना देत नाही. जे समोर येतं तेच माणूस वाचतो.

डिसेंबरमध्ये आयपीएलचा लिलाव झाला. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरून ग्रीनवर २५ कोटी २० लाखांची बोली लागली. आमच्या पेपरात पानभर आकडे, कोण किती कोटींना गेला. नात पान घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "आजी, यात रन कुठं आहेत?" मी तिला लिलाव म्हणजे काय ते समजावलं, पण तिचा प्रश्न मला बरोबर वाटला. क्रीडा पानावर खेळ दिसला पाहिजे. कोटींचं पान असायला माझी हरकत नाही. त्याच्या शेजारी आठ-दहा ओळी खेळलेल्या सामन्याच्या असाव्यात.

तुम्ही म्हणाल जागा नाही. मी रोज पेपर वाचते, जागेची अडचण मला समजते. पण महिलांच्या एका टी-ट्वेंटी सामन्याचा संक्षिप्त धावफलक किती जागा खातो? 'महाराष्ट्र : ८ षटकांत १ बाद' आणि पुढं दोन नावं, चार आकडे. परदेशी फुटबॉल लीगचे निकाल त्याच टायपात येतातच. तुम्ही असंही म्हणाल की वाचकांना याची आवड नाही. नवी मुंबईच्या मैदानावर त्या रात्री जे हजारो लोक पावसात थांबले होते, ते कुठून आले? आवड आधीपासून होती, तिला रोजचं खाद्य मिळत नव्हतं.

माझ्या घरातली गरज तुम्हाला एका गोष्टीवरून कळेल. नात मैदानावर जायला लागली तेव्हा तिच्यासाठी पांढरी पँट घ्यायला आम्ही बाजारात फिरलो. मुलींच्या मापाची मिळाली नाही. मुलांची घेतली, ती कमरेत ढगळ आणि मांडीत घट्ट. वाकून स्वीपचा फटका मारताना शिवण उसवेल अशी. मी घरी आणून बाजूची शिवण सगळी उसवली, आतली माया सोडून मांडीत जागा केली, कमरेला मागून दोन चिमट्या घातल्या आणि पुढं इलॅस्टिक. मैदानावरच्या दुसऱ्या मुलींच्या आयांनी ते बघितलं आणि आता त्यांच्याही पँटा माझ्याकडं येतात. मैदान मुलांसाठी आखलेलं, पँट मुलांच्या मापाची, चेंज करायला खोली नाही. एवढ्यातूनही मुली येतात. सकाळी सहाला, थंडीत, दप्तर पाठीवर आणि बॅट सायकलला बांधून. त्या मुलींना आपल्यापुढं कोण खेळतंय, कसं खेळतंय, कुठल्या जिल्ह्याची मुलगी राज्याच्या संघात गेली, हे कळायला एक जागा तरी हवी. मोबाईलवर सगळं मिळतं असं मुलगा म्हणतो. मिळत असेल, पण सहावीतल्या मुलीच्या हातात आम्ही मोबाईल देत नाही आणि द्यायचाही नाही. पेपर देतो.

म्हणून माझं मागणं स्पष्ट लिहिते. महाराष्ट्र, मुंबई आणि विदर्भ या तीन संघांच्या वरिष्ठ आणि १९ वर्षांखालील मुलींच्या प्रत्येक सामन्याचा धावफलक दुसऱ्या दिवशी छापा. पूर्ण जमत नसेल तर संक्षिप्त. सामना कुठं आणि किती वाजता आहे ते आदल्या दिवशी 'आजचे सामने' मध्ये द्या, पुरुषांच्या सामन्यांबरोबर, त्याच टायपात. जिल्हा पानावर शालेय मुलींच्या स्पर्धांचे निकाल द्या आणि त्यात नावं द्या. 'मुलींच्या गटात अमुक शाळा विजयी' एवढ्यावर भागवू नका. ज्या मुलीनं तीन बळी घेतले तिचं नाव आणि तिचे ते तीन बळी छापून येऊ द्या. खो-खो आणि कबड्डीलाही हाच न्याय लावा. आणि खेळाडूंच्या घरातल्या गोष्टींना जी जागा दिली जाते, ती आधी यासाठी वापरा.

महिला प्रीमियर लीग सुरू झाली की तुम्ही पानं द्यालच याची मला खात्री आहे. माझं पत्र त्याबद्दल नाही. लीग संपून दिवे मालवल्यावर कुठल्या तरी मैदानावर दुपारच्या उन्हात, रिकाम्या स्टँडसमोर जो महाराष्ट्राच्या मुलींचा सामना होईल, त्याच्याबद्दल आहे. तो धावफलक कुठल्या अंकापासून सुरू करणार हे आपल्या पेपरातून कळवावं. यजमान निवृत्त आहेत, गरज पडल्यास आपल्या सांगली कार्यालयात येऊन धावफलक तपासून देण्याचं काम ते विनामोबदला करायला तयार आहेत. त्यांनी मला हे पत्रात लिहायला सांगितलंय आणि ते हे मनापासून म्हणतायत.

कळावे,

आपली नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली